गिटारची घरघर आणि अव्वाचं कुंकू

सांगोल्याच्या कार्यक्रमात माझ्या इलेक्ट्रिक गिटारने भर गाण्यात मान टाकली आणि त्याच संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला टेंपोमागे बोलावून घेतलं. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते स्वतः गातात, माइकला हातरुमाल गुंडाळून गातात, आणि ती त्यांची स्टाइल आहे असं लोक समजतात. कुणाला काढून टाकायचं असलं की आधी चहा पाजतात. त्यांच्या हातात दोन कप दिसले तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"ताई, तुमच्या हातात दोष न्हाय," ते म्हणाले. "पर गिटार म्हातारी झाली की ओ. सारखी घूं-घूं करती, मधीच कुरकुरती, आज तर बोलायचीच बंद झाली. आता कीबोर्डात सगळं निघतंय. गिटारबी निघती."

"मग तुमचा आवाजही निघत असेल कीबोर्डात," मी म्हणाले.

माझं तोंड हे असं आहे. अण्णा हसले नाहीत. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि सांगितलं, की दसऱ्यानंतर नातेपुत्याला व्यापाऱ्यांचा कार्यक्रम आहे. "तितं आवाज साफ आला तर खुर्ची तुमची. न्हाय आला तर कीबोर्डवाला दोन्ही सांभाळंल. लई वर्सं झाली म्हणून एवढं तरी म्हणतोय."

परतीच्या वाटेवर मी टेंपोत गिटार मांडीवर घेऊन बसले होते आणि एकाच गोष्टीचा विचार करत होते, की ती खुर्ची गेली तर माझ्याकडे उरतं काय. दुकान उरतं. वडिलांनी सोलापुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं होतं, ते गेल्यावर मी चालवते. आजूबाजूला टॉवेलचे माग. मागाची मोटार जळाली की ती आमच्याकडे येते, शेतावरचा पंप जळाला की तोही येतो. जळकी तार काढायची, नवी तार गुंडाळायची, व्हार्निश द्यायचं, भाजायचं, परत पाठवायचं. हे काम मला येतं आणि आवडतंही. पण आठवडाभर मी 'मोटारवाली बाई' असते आणि त्या खुर्चीवर बसले की नसते. त्या खुर्चीवर मी कोण असते ते मला नीट सांगता येणार नाही, पण तिच्यावाचून माझं चालणार नाही एवढं मला त्या रात्री पक्कं कळलं.

नवी गिटार घेता आली असती. सगळ्यांनी तेच सुचवलं. पण 'म्हातारी झाली' हे शब्द माझ्या डोक्यात बसले होते. मीही आता चाळिशी ओलांडून बरीच पुढे आले आहे. आज गिटारला म्हणाले, उद्या मला म्हणतील. मी सरळ गिटारची बाजू घेतली. हिलाच उभी करायची, आणि हिलाच घेऊन नातेपुत्याला जायचं.

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या मोटारी खाली ठेवल्या, जुनी चादर अंथरली आणि गिटार पालथी घालून तिच्या पाठीवरचं झाकण उघडलं. इतकी वर्षं वाजवली, तारा बदलल्या, पुसली, पण पोट कधी उघडून पाहिलं नव्हतं. झाकण निघालं आणि आत बघते तर सगळं लाल.

गंज नव्हता तो. कुंकू होतं. कुंकू, त्यावर विभूतीचा पांढरा थर, त्यावर परत कुंकू. आवाज कमी-जास्त करायच्या बटणांच्या पोटात ते जाऊन बसलं होतं, म्हणून बटण फिरवलं की कुरकुर व्हायची. स्विचच्या फटीत तर एक अख्खा तांदळाचा दाणा अडकलेला होता. अक्षता.

हे कुणाचं काम ते विचारायची गरजच नव्हती. खंडेनवमीला आमच्याकडे दुकानातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटांवर मांडतात. तार गुंडाळायचं मशीन, पक्कड, हातोडी, सोल्डरची कांडी, मीटर. अव्वा, म्हणजे माझी आई, प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं ओढते, कुंकू लावते, वरून गंधाचं पाणी शिंपडते आणि अक्षता टाकते. मी कॉलेजात असताना गिटार घरात आली त्या वर्षी वडील म्हणाले, की हेही हत्यारच, ठेवा पाटावर. तेव्हापासून दर वर्षी गिटारची पूजा होते. पक्कडीला कुंकवाने काही होत नाही, म्हणून गिटारलाही होत नसेल असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

"अव्वा, इकडे ये. बघ तुझी भक्ती."

अव्वा आतून पदराला हात पुसत आली. ती माझ्याशी मराठी बोलते आणि दचकली की कानडीत विचारते, काय झालं म्हणून. "एनातु?"

मी तिला लाल पोट दाखवलं. तिने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "बघ, सगळं आतपातूर पोचलंय."

"पोचलंय म्हणूनच ती बंद पडली."

"देवाचं कुंकू कुनाला बाधत न्हाय."

"देवाला नाही बाधत गं. वायरिंगला बाधतं."

ती फणकाऱ्याने निघून गेली. मी ब्रश घेतला आणि कुंकू झाडायला बसले. झाडलेलं कुंकू केरात टाकायला मात्र माझा हात धजेना, ते मी एका कागदात पुडी बांधून ठेवलं. माझ्या रागालाही तेवढी वेस आहे.

बटणं साफ करून कुरकुर गेली. दोन बटणं आतून झिजली होती, ती बदलली. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड कोरडं पडतं आणि गिटारची मान वाकते; माझ्या गिटारची इतकी वाकली होती, की वरच्या सुरांना बोट दाबताना तळहात दुखायचा. मानेच्या पोटात एक लोखंडी कांब असते, ती आवळली की मान सरळ होते. पण एकदम आवळायची नाही. जरा फिरवायची, तारा ताणायच्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. हे 'हात लावायचा नाही' मला फार जड गेलं. मी दिवसातून दहादा जाऊन बघायची आणि अव्वा म्हणायची, पिठलं झालंय का बघतीस का गं? सूर उतरवणाऱ्या जुन्या खुंट्या काढून नव्या, घट्ट बसणाऱ्या खुंट्या बसवल्या. पोटातल्या खोबणीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, म्हणजे बाहेरची घरघर आत शिरायला नको. ही गिटार नवी होती तेव्हाही तिला हे अस्तर नव्हतं.

राहिला पिकअप. तारांच्या खाली जी चपटी पट्टी असते तिच्यात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली, की या गुंडाळीत वीज उठते आणि तिचाच स्पीकरमधून सूर होतो. सांगोल्याला गिटार मुकी झाली ती इथे. मीटर लावून पाहिलं, आतली तार कुठेतरी तुटली होती.

मला खरं तर हसू आलं. तार गुंडाळणं! अख्ख्या जगात मला ज्या एका गोष्टीची भीती नाही तेच काम पुढ्यात आलं होतं. ही तार केसाहून बारीक, मोटारीच्या तारेशी तिची तुलनाच नाही, श्वास जोरात सोडला तरी तुटते. पण मशीन तेच, हात तेच. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमलं. मीटरने हुंकार दिला. मी इतकी खूश झाले, की अव्वाला बोलावून दाखवलं, आणि रुसलेली असूनही ती म्हणाली, "बापाचा हात हाय."

आणि मग मी ती चूक केली. गुंडाळलेल्या तारेला आमच्या घरात जे केलं जातं तेच मी केलं, क्षणभरही विचार न करता. व्हार्निशमध्ये बुडवलं, निथळवलं आणि भाजायला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आमच्या त्या पेटीत मोठे दिवे लावलेले असतात, त्यांच्या धगीने व्हार्निश दगड होतं आणि मोटार पुढची कितीतरी वर्षं सुखाने फिरते. मोटारीचा सांगाडा लोखंडाचा असतो. पिकअपचा प्लास्टिकचा होता. जळका वास आला तेव्हा मी धावले. पेटी उघडली तर सांगाडा पापडासारखा वळलेला आणि तार ठिकठिकाणी सुटलेली.

कुठल्याही गिटारवाल्याने ही चूक केली नसती. त्याच्याकडे पेटीच नसती. मी स्टुलावर बसले आणि स्वतःला असेल नसेल ती शिवी दिली. अव्वा दारात येऊन उभी राहिली. मग उठून मी फायबरची शीट काढली. मोटारीत तार लोखंडाला लागू नये म्हणून ती मध्ये घालतात. तिच्या दोन पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, जुन्या सांगाड्यातले लोखंडी खिळे त्यांत ठोकून बसवले, खाली चुंबक लावला. नवा सांगाडा तयार झाला, दिसायला ओबडधोबड, पण हा कशाने वितळणार नव्हता. तार पुन्हा गुंडाळायला घेतली. व्हार्निशच्या डब्याकडे या वेळी पाहिलंसुद्धा नाही. पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून मेणबत्त्या वितळवल्या आणि गुंडाळी त्या मेणात बुडवली. पत्र्याच्या पेटीला मी कुलूप लावलं होतं. माझा माझ्यावर तेवढाच भरवसा होता.

सगळं जोडून प्लग लावला. स्पीकर चालू केला आणि ऐकलं. घरघर नाही. कुरकुर नाही. एक सूर लावला, तो माझ्या आठवणीतल्या कुठल्याही सुरापेक्षा भरीव होता. मला रडू आलं. दुकानात एक गिऱ्हाईक पंप घेऊन उभं होतं, ते म्हणालं, "बाई, कुणी गेलं का?"

खंडेनवमी त्याच्या पुढच्याच दिवशी आली. अव्वाने सकाळी पाट मांडले. मशीन, पक्कड, हातोडी, सोल्डरची कांडी, मीटर, सगळी धुतलेली, पुसलेली. एक पाट मोकळा.

"गिटार आन."

"या वर्षी नाही, अव्वा."

"निस्तं बोट लावते. पानी न्हाय शिंपडत."

"बोटाचंच आत जातं."

"तुज्या बापानं ठेवली ती पाटावर," ती म्हणाली. "सगळ्यास्नी पूजा, आन् जिच्यापायी तू महिनाभर जेवन सोडलंस तिला न्हाय? उद्या तितं काय झालं तर मला सांगायचं न्हाय. ब्याड."

ब्याड म्हणजे नको. ती कानडीतून नको म्हणाली की बोलणं संपलं. मी गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि पिशवी माझ्या खोलीत नेऊन ठेवली. अव्वाने बाकी सगळ्यांची पूजा केली. मोकळा पाट तिने उचलला नाही. दसरा झाला, सोनं वाटून झालं, तरी तो पाट दुकानाच्या कोपऱ्यात तसाच. मला येता-जाता तो दिसायचा आणि वाईट वाटायचं. मी हटले मात्र नाही. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींच्या बोलण्यात भाकरी आणि भाजी एवढेच शब्द उरले होते.

नातेपुत्याला आम्ही दुपारी पोचलो. शाळेचं मैदान, मोठा मंडप, मागे जनरेटर. मी अव्वाची इरकल नेसले होते. ती रुसलेली असली तरी इस्त्री करून तिनेच ती पलंगावर ठेवली होती. सामान लागलं, आवाज तपासायची वेळ झाली, मी खुर्चीवर बसले, प्लग लावला.

घूं.

अख्ख्या मैदानभर घूं. सांगोल्यापेक्षा मोठं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग कीबोर्डवाल्याकडे. तो बिचारा सरळ माणूस, खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी न्हाय म्हणत ओ, अण्णा म्हणत्यात," आणि त्याने कीबोर्डवर गिटारचा आवाज शोधायला सुरुवात केली.

पहिली आठवली ती अव्वा. मोकळा पाट आठवला. पूजा नाही केली म्हणून हे झालं, असं मला खरोखर वाटलं, क्षणभर नाही, चांगलं वाटलं. गिटार बाजूला ठेवायला मी हात तारांवर टाकला आणि बोटांना झिणझिण्या आल्या.

त्या झिणझिण्या मला ओळखीच्या होत्या. पंपाला हात लावल्यावर शेतकऱ्याला अशा येतात आणि तो पंप जळाला म्हणून आमच्याकडे घेऊन येतो. पंपाला काही झालेलं नसतं. त्याला अर्थिंग नसतं. वीज जमिनीत जायला वाट नसली की ती अंगाअंगात भटकत राहते.

मी उठले आणि वायर धरून धरून जनरेटरपर्यंत गेले. अर्थिंगची वायर गुंडाळून वर बांधून ठेवलेली होती, कारखान्यातून आली तशी.

"ही का लावली नाही?"

"आमी कुटंबी असंच लावतो की," जनरेटरवाला म्हणाला. "अजून कोन मेलं न्हाय."

"तो बंद करा आधी."

"पावनं यायला लागल्यात, बाई."

मी स्वतःच बंद केला. मंडप काळोखला, माणसं ओरडली, अण्णा "ओ ताई, ओ ताई" करत धावत आले. मंडपवाल्याच्या ढिगातून मी एक लांब लोखंडी सळई उचलली, दगडावर घासून तिचा गंज काढला. पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या नळाखाली जमीन ओली होती. पदर खोचला आणि मंडपवाल्याचा घण घेऊन सळई ठोकायला लागले. चिखल उडून इरकलीवर बसत होता. भज्याच्या गाडीवरून मीठ मागितलं, बादलीत कालवलं, सळईच्या बुडाशी ओतलं, म्हणजे वीज चटकन जमिनीत उतरते.

"हे काय चाललंय?" अण्णा म्हणाले. "गिटार तितं हाय की."

"गिटारला काही झालेलं नाही, अण्णा. तिला बोलायचंय. तुम्ही थांबा."

अर्थिंगची ती वायर सोडून सळईला आवळून बांधली. जनरेटर सुरू करायला सांगितला आणि चिखलाच्या पायांनीच खुर्चीवर जाऊन बसले. प्लग लावला. स्पीकर लावलेलाच नाही असं वाटावं इतकी शांतता. मी एक सूर लावला. तो मैदानाच्या पार टोकाला जाऊन परत आला आणि मध्ये त्याला कुणीही अडवलं नाही. कीबोर्डवाल्याने आपला आवाज बदलून परत बासरीवर नेला.

अण्णा माइकपाशी आले. सवयीने त्यांनी रुमाल काढला, माइकला गुंडाळायला लागले आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग एक बोट उघड्या माइकला हळूच लावलं, भिऊन, तवा तापलाय का बघतात तसं. परत लावलं. मग मूठ आवळून धरला. मला तेव्हा कळलं, की तो रुमाल कधीच स्टाइल नव्हती. या माणसाने इतकी वर्षं शॉक खात गाणी म्हटली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अण्णा उघड्या हाताने गायले. मी त्यांच्या मागे वाजवत होते आणि मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर ते टेंपोमागे आले, हातात दोन कप घेऊन. "पुढच्या टायमाला तुमी आदी पोचायचं," ते म्हणाले. "तुमची सळई ठोकून होईस्तवर मी सामान उतरू देणार न्हाय." मी चहा पूर्ण प्याले. मंडपवाल्याने ती सळई मला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अव्वाला सगळं सांगितलं. घूं, झिणझिण्या, तिची आठवण, चिखल, इरकल, मीठ. ती भाकरी थापत ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, "एनातु मग?" आणि मी म्हणाले, "वाजली."

तिने तवा उतरवला. "सळई कुटं हाय?"

चिखलासकट सळई दारामागे उभी होती. अव्वाने ती नळाखाली धरली, घासून घासून धुतली, पदराने कोरडी केली आणि कोपऱ्यातल्या त्या मोकळ्या पाटावर ठेवली. विभूतीची तीन बोटं ओढली. कुंकू लावलं, एकदा लावून समाधान झालं नाही म्हणून परत लावलं. अक्षता टाकल्या, पाणी शिंपडलं, हवं तेवढं. मी केलेली जुन्या कुंकवाची पुडीही तिला आणून दिली, तीही तिने सळईवर रिकामी केली.

मग ती माझ्याकडे वळली. मी आत जाऊन गिटार आणली आणि सळईच्या शेजारी पाटावर ठेवली. अव्वाने चिमटीत कुंकू घेतलं, गिटारवर हात नेला, आणि थांबली. चिमूट परत ताटात सोडली, बोटं पदराला पुसली, आणि वरच्या खुंट्यांपाशी, जिथे आत जायला कुठलीच फट नाही, तिथे शेवंतीचं एक फूल ठेवलं.

आता टेंपोत सगळ्यात आधी सळई चढते, मग मी, मग बाकीचे. प्रत्येक वेळी निघताना अव्वा तिला भरपूर कुंकू लावते. मी अडवत नाही. कार्यक्रमाच्या गावी पोचले की मी ती ओल्या जमिनीत ठोकते, कुंकू मातीत जातं आणि गिटार बोलायला लागते.